थरथरणारं घड्याळ

घड्याळं उघडायला मला वडिलांनी शिकवलं. नाशिकच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात आमचं छोटं दुकान आहे. चावीची घड्याळं मी त्यांच्याशेजारी बसून शिकले, सेलवरची आपली आपण. स्मार्ट घड्याळं यायला लागली तेव्हा मात्र आम्ही दोघंही फक्त पट्टे बदलून द्यायचो. वडील गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे, "पावलं मोजतं, नाडी बघतं, फोन घेतं. वेळ दाखवायला याला सवड कधी मिळते?"

गेल्या उन्हाळ्यात तिशीतली एक बाई दुकानात आली. तिने काउंटरवर एक घड्याळ ठेवलं आणि पर्समधून वही काढून लिहिलं, "मला ऐकू येत नाही. हे हातावर थरथरायचं, आता थरथरत नाही." ती घरी शिवणकाम करायची. मनमाडला रेल्वेत असलेल्या भावाने तिला हे घड्याळ घेऊन दिलं होतं. मेसेज आला, गजर झाला की ते मनगटावर थरथरायचं. पूर्वी नळाचं पाणी येण्याची वेळ चुकू नये म्हणून ती पहाटे तीन-चारदा दचकून उठायची. घड्याळ आल्यापासून नीट झोपू लागली होती. आता आठवडाभर पुन्हा तेच चाललं होतं.

कंपनीने जुनं मॉडेल म्हणून हात झटकले होते. मी वहीत लिहिलं, "असं घड्याळ मी कधी उघडलेलं नाही. बिघडूही शकतं." तिने खाली लिहिलं, "बिघडलेलंच आहे."

मला हसू आलं आणि धीरही आला. काच डिंकाने चिकटवलेली होती. हेअर ड्रायरने ती गरम केली आणि कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मच्या तुकड्याने कडेकडेने सोडवली. आत एक तांदळाच्या दाण्याएवढी मोटर होती, तिची तार तुटली होती. वडील मागून बघत होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकदम म्हणाले, "अगं, एकाच बाजूला वजन आहे हिला. ऑटोमॅटिक घड्याळात असतं ना, तसंच."

त्यांचं बरोबर होतं. ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की अर्धचंद्रासारखं वजन फिरतं आणि घड्याळाला आपोआप चावी मिळते. इथे उलटं होतं, वजन फिरायचं आणि ते हाताला कळायचं. एवढं समजल्यावर माझी भीतीच गेली. हे माझंच काम होतं, फक्त नाजूक. मी तार डाग देऊन जोडली, काच बसवली आणि घड्याळ तिच्या मनगटावर बांधून माझ्या फोनवरून मेसेज केला. तिने झटकन दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग मला खूण केली, पुन्हा कर. मी पाच वेळा केला.

घड्याळावरून एका बोटाने पाठवायची तयार उत्तरं इंग्रजीत होती. ती शिलाई मशीन चालवत असताना कपडे शिवायला टाकलेल्या बायका मेसेज करत आणि तिला प्रत्येक वेळी काम थांबवून फोन घ्यावा लागे. मी तिच्या फोनमध्ये शोधून ती उत्तरं बदलली. तिने सांगितली तशी लिहिली: "शिवून झालंय." "उद्या या." "अस्तर आणा." चौथ्यासाठी तिने जरा विचार केला आणि वहीत लिहिलं, "माप बदललंय, पुन्हा माप द्यायला या."

वडिलांनी स्वतःचा फोन काढला, तिचा नंबर घेतला आणि एकेक अक्षर शोधत मेसेज केला, "माझा सदरा कधी मिळेल?" तिचं मनगट थरथरलं. तिने वाचलं, वडिलांच्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि चौथं उत्तर पाठवलं.

ते वाचून वडील इतके हसले, की शेजारचा चष्मेवाला काय झालं म्हणून डोकावला. त्याच आठवड्यात मी दुकानाबाहेर पाटी लावली, "स्मार्ट घड्याळंही दुरुस्त करून मिळतील."