उभं नवरात्र

देवी स्वतः बाई आहे, मग बाईच्या असल्या दुखण्याचं तिला काहीच कसं वाटत नाही, असं मी त्या दिवसांत मनात म्हणायचे. आंबिवलीला रुळांलगतच्या मळ्यात आम्ही जालन्याकडून आलेली माणसं पालक-मेथी काढतो. उकिडवं बसलं की माझं अंग बाहेर यायचं. गर्भाशय खाली उतरतं म्हणतात ते हेच, हे नंतर कळलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात परक्यांसमोर साडी वर करण्यापेक्षा मेलेलं बरं वाटायचं.

आमच्या गावाकडे काही बाया नवरात्रात नऊ दिवस बसत नाहीत, झोपही दोरीला टेकून उभ्यानंच घेतात. घटस्थापनेला मीही सांगून टाकलं, की यंदा माझं उभं नवरात्र आहे. बायांनी लगेच भाजी काढायचं काम सोडवून मला पाइपानं पाणी द्यायला लावलं. वर येताजाता पाया पडू लागल्या. देवीच्या नावाखाली दुखणं झाकलं, याची इतकी लाज वाटायची की मी पाय मागे घ्यायचे. खोपीत मात्र गुपचूप आडवी व्हायचे.

एका सकाळी शेजारच्या वाफ्यातली यसूमावशी विळा ठेवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, गुडघे सुजलेले. म्हणाली, "एकटीनं कसं निभंल गं? आजपासून म्याबी बसत न्हाई."

दुपारपर्यंत तिचे पाय लटपटायला लागले, तरी बसेना. मला ते बघवेना. तिला बांधाआड नेलं, खाली मान घालून सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत राहिले.

मावशी मटकन बांधावर बसली. "अगं बये, माझंबी असंच व्हतं! ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात डाक्टरीणबाईनं अंग वर धरून ठेवायला आतून रिंग बसवली. उद्याच चल."

तपासायच्या टेबलावर मी पदर तोंडावर ओढून अंग चोरून पडले. नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा."

मावशीनं माझा हात घट्ट धरला. "बसता येत न्हाई, बाई. उभं नवरात्र हाय माझं."

पदराआड मला हसू आलं, आणि मग रडूच फुटलं. देवीकडे मी काही मागितलं नव्हतं, उलट तिच्याच आड लपले होते. तिनं त्याचाही राग धरला नाही. आता रिंग आहे, जड उचलत नाही. दर नवरात्रात तिच्यापुढे मी बसूनच हात जोडते.