गुरुवारचा बाप्तिस्मा

डीकन, म्हणजे पाळकांची साहाय्यक, म्हणून माझी दीक्षा झाली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिली आले होते ना! बिशपसाहेबांनी मला वर्षभर शिकण्यासाठी चिंचवडच्या एका चर्चच्या मंडळीत, ज्येष्ठ पाळकसाहेबांच्या हाताखाली पाठवलं, तेव्हा मनात आलं, आता शिकायचं उरलंय काय? पाळकसाहेबांनी पहिले दोन महिने मला उपदेश करूच दिला नाही. घरोघरी जायचं, चहा प्यायचा, लोकांचं ऐकायचं, बास. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये मी इतका चहा प्याले की पित्त झालं.

शेवटी एका रविवारी उपदेश माझ्या वाट्याला आला. विषय मीच निवडला, प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, पाळणं. मागचे बाक कायम रिकामे असायचे, त्याचा मला भारी राग होता. मी सगळ्यांना झोडपून काढलं. "महिन्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्यांनी देवावर उपकार केल्याचा आव आणू नये," असंही म्हणाले. शेवटच्या बाकावर चाकणहून आलेलं एक जोडपं दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन बसलं होतं. शेवटच्या आशीर्वादाआधीच ते उठून गेलं. मी मनातल्या मनात खूश झाले, कारण बोलणं बरोबर जागी लागलं होतं.

सोमवारी त्या मुलीच्या वडिलांचा पाळकसाहेबांना फोन आला. पुढच्या रविवारी ठरलेला बाप्तिस्मा रद्द करा, आम्ही आता चर्चला येणार नाही.

पाळकसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, "त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. रविवारी तो रात्रपाळी संपवून, न झोपता येतो."

माझे कान गरम झाले. "तुम्ही जाऊन त्यांना समजावाल ना?"

"मी कशाला? बोललीस तू. गुरुवारी जा. आणि ते म्हणेपर्यंत बायबल पिशवीतून काढू नकोस."

गुरुवारी मोशीच्या ट्रॅफिकमधून स्कूटी रेटताना मी माफीचं छानसं भाषण जुळवत होते. त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मुलीचा बाप बाहेर चादर अंथरून गहू वाळत घालत होता.

"या ताई," तो वर न बघता म्हणाला. "उपदेश द्यायचा आसंल तर उभ्या उभ्याच द्या. मला लई काम हाय."

मी पिशवी ठेवली, खाली बसले आणि त्याच्याबरोबर गहू पसरू लागले. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि ती लगेच आत गेली. भाषण पार विसरले. तोंडातून एवढंच आलं, "माझं चुकलं हो."

"सकाळी सातला सुटलो आन् तसाच आलो व्हतो. डोळे मिटत व्हते. तुमचं ऐकून झोप मात्र उडाली बघा," असं म्हणून तो चक्क हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मला काई न्हाई ओ. पर ही बसमधी रडली. म्हणली, लेकरू घिऊन इतक्या लांब आलो तरी आपण तिथं परकेच."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. "मी काय करू, तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"गुरुवारी करता का बाप्तिस्मा? हितंच? आमच्यासारखी गुरुवारवाली अजून तीन घरं हायेत."

बाप्तिस्मा रविवारी, चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर का व्हावा, यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. तिथूनच पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "चार घरं जमली म्हणजे मंडळीच की गं! पुढच्या गुरुवारी येतो मी."

पुढच्या गुरुवारी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या मावशींनी खुर्च्या दिल्या आणि त्या पदर सावरत दारातून सगळं कौतुकाने पाहत उभ्या राहिल्या. मधोमध स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवलं होतं. गाणं झालं, प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी बाळासाठी हात पुढे केले.

आई जागची हलली नाही. "न्हाई साहेब, ताईंकडं देते," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतले आणि पातेलं उचलून माझ्यापुढे धरलं. ती माझ्यासमोर आली. तोवर ती माझ्याशी एकदाही बोलली नव्हती. "ताई, मला माफ करा," मी कसंबसं म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या ते," तिने मुलगी माझ्या हातावर ठेवली. "आधी लेकराला नीट घ्या. मान धरली न्हाई तिनं अजून."