सत्काराची शाल

ते कापड मी पहिल्यांदा पाहिलं ते एका कुत्र्याच्या गळ्यात. ऑफिस सुटल्यावर मी आणि माझी मैत्रीण न्युरेम्बर्गच्या ऊ-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शेजारी बसलो होतो. समोर एक बाई, तिच्या पायाशी एक गुबगुबीत, शहाणा कुत्रा, आणि त्याच्या गळ्यात त्रिकोणी रुमाल. इथे कुत्र्यांचे लाड बघून बघून माझे डोळे सरावलेत. काळ्या रुमालावर हिरवे-पिवळे ठोकळे होते, एक लांब, एक आखूड. मला तर तो बराही वाटला. मैत्रीण मात्र बोलता बोलता थांबली, आणि आमचं स्टेशन आलं तरी जागची उठेना.

मैत्रीण घानाची. ऑफिसात आमची टेबलं शेजारी. ती सॉफ्टवेअर लिहिते आणि मी ते तपासते, म्हणजे तिच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. अशा नात्यातही मैत्री टिकली याचं श्रेय तिच्या स्वभावाला द्यायला हवं, माझ्या नाही. त्या दिवशी पुढच्या स्टेशनवर मी तिला जवळजवळ ओढूनच खाली उतरवलं. तिथल्या बाकावर बसून तिने मला सगळं सांगितलं.

तिचे वडील विणकर. तिकडे हे काम पुरुषांचं. अरुंद पट्ट्या विणायच्या आणि त्या एकमेकींना जोडून मोठं कापड करायचं. प्रत्येक नक्षीला नाव असतं, आणि नवी नक्षी काढणाऱ्याचा गावात मान असतो. तिच्या आईचा एक पाय लहानपणच्या आजाराने आखूड झाला होता. एक पाऊल लांब, एक आखूड, अशी ती चाले. ती गेली तेव्हा वडिलांनी माग लावला आणि तिची चाल विणली. काळ्यावर एक ठोकळा लांब, एक आखूड, या काठापासून त्या काठापर्यंत. नक्षीचं नाव ठेवलं, ‘ती येते आहे’. अशी दोनच कापडं त्यांनी विणली. तिकडे दफन काही आठवड्यांनी करतात, त्यामुळे एक तिच्याबरोबर मातीत गेलं. दुसरं त्यांच्या पेटीत होतं, त्यांच्या स्वतःच्या वेळेसाठी.

“आणि आज ती कुत्र्याच्या गळ्यात आहे,” मैत्रीण म्हणाली.

हे इथवर कसं आलं, याचा अंदाजच करायचा. आईच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे तिकडे जे काही म्हणत असतील त्याला, वडील ते कापड पांघरून बसले होते. त्या दिवसांत माग बघायला परदेशी पाहुणे आले होते, मोठे कॅमेरे घेऊन. चहापाणी झालं, फोटो झाले, हसून निरोप झाले. मैत्रिणीला आठवतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या मधल्या बाजाररस्त्यावर गेलो. शोधावंसुद्धा लागलं नाही. एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेतच ते होतं. झगे, अर्ध्या चड्ड्या, उशांचे अभ्रे, ओढण्या, आणि गल्ल्याजवळच्या टोपलीत कुत्र्यांचे रुमाल. वर पाटी, ‘सफारी’. घानात सफारी कुठून आली कोण जाणे. मैत्रिणीने एका झग्याची बाही हातात घेतली आणि ती हसायला लागली. ते हसणं ऐकून एक विक्रेती मदतीला धावली, तिचा साईझ विचारायला.

तिने कंपनीला लिहिलं. पैसे मागितले नव्हते. नक्षी कुणाची आहे ते लिहा, नाहीतर विकणं थांबवा, एवढंच म्हटलं होतं. उत्तर फार गोड आलं. आफ्रिकेच्या रंगांनी आमच्या टीमला भारून टाकलं आहे, तुम्हाला वाईट वाटलं याबद्दल दिलगीर आहोत, आणि सोबत पुढच्या खरेदीसाठी सवलतीचं कूपन. मी असते तर ते कूपन त्यांच्या तोंडावर फेकलं असतं. ईमेलमध्ये तीही सोय नाही. मग एका वकिलाला विचारलं. नक्षी कुठे नोंदवलेली आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न. माणसाने आपल्या बायकोचं लंगडणं कुठल्या कचेरीत जाऊन नोंदवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि नेमका त्याच वेळी वडिलांचा व्हिसा आला. मुलीचं घर बघायला ते उन्हाळ्यात येणार, हे कधीचं ठरलेलं होतं.

“त्यांना हे दिसता कामा नये,” मैत्रीण मला म्हणाली. “घर त्यांच्या भावांचं, जमीनही भावांची. त्यांच्या एकट्याचं म्हणावं असं एवढंच एक आहे. ते गेलं तर माझे वडील राहणार नाहीत.”

मग सुरू झाला आमचा लपाछपीचा उन्हाळा. उंच, सडसडीत, सावकाश बोलणारे ते गृहस्थ. मी त्यांना काका म्हणे, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर ते खूश झाले होते. त्यांना आम्ही जंगलं दाखवली, तळी दाखवली, किल्ला मागच्या चढावरून दाखवला. बाजाररस्ता सोडून बाकी सगळं दाखवलं. ऊ-बान बंद, ट्राम बंद, गाडीनेच जायचं. एकदा तळ्याकाठी तोच झगा घातलेली एक मुलगी समोरून आली तेव्हा मी काकांचा दंड धरून त्यांना बदकं दाखवायला वळवलं. आयुष्यात मी बदकांचं एवढं कौतुक कधी केलेलं नाही.

पण म्हातारी माणसं आपल्याला वाटतात तेवढी भोळी नसतात. एका संध्याकाळी मैत्रीण आत स्वयंपाक करत असताना ते मला हळूच म्हणाले, “मुलीला माझी लाज वाटते का? ती मला माणसांत नेत नाही.”

नाही हो काका, असं म्हणून मी वेळ मारून नेली. मैत्रीण मला खाली सोडायला आली तेव्हा तिला ते सांगितलं, तर ती जिन्यातच बसली. त्यांना माणसांत न्यायला हवं होतं, आणि न्यायला शहरात एकही जागा सुरक्षित नव्हती.

मला आमचं मंडळ आठवलं. महाराष्ट्र मंडळाचं उन्हाळी स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, आणि बायका झाडून सगळ्या साड्यांत.

“नक्की सगळ्या साड्याच नेसतात?” मैत्रिणीने तीनतीनदा विचारलं.

“उकाड्याने मेल्या तरी साड्याच,” मी म्हटलं.

आमचे अध्यक्ष मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, बोलण्यात इंग्रजी आणि जर्मन शब्द पेरणारे. पाहुणे विणकर आहेत हे ऐकताच त्यांना भरतं आलं. “काय सांगता वहिनी! अहो, माझ्या मामांकडे येवल्याला माग होते. आल्झो, सत्कार झालाच पाहिजे. एकदम प्रॉपर, शाल-श्रीफळ. यू डोन्ट वरी, सगळं माझ्याकडे लागलं.”

ते बोलले ते मनापासून बोलले. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर काही दिवसांपूर्वी त्यांनीच रान उठवलं होतं. कुठल्याशा बड्या परदेशी कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, म्हणून. निषेधाचं पत्र त्यांनी लिहिलं होतं, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. कारागिराचा मान हा विषय त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा, तेव्हा मी निर्धास्त होते.

काका हॉलमध्ये आले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. इतकं कापड, आणि बहुतेक सगळं विणलेलं! एका आजींनी पैठणी नेसली होती. तुमचा पदर बघू का, असं त्यांनी माझ्यामार्फत विचारलं. आजींनी लाजत पदर पुढे केला. काकांनी तो उलटून पाहिला. पाठीमागेही तोच मोर, तसाच नेटका. त्यांनी मान डोलावली आणि मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती मोकळेपणी हसली. त्या उन्हाळ्यात मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

सत्काराच्या वेळी मी पावभाजीच्या टेबलापाशी होते. टाळ्या झाल्या म्हणून वळून पाहिलं. काका स्टेजवर उभे, हातात नारळ. अध्यक्षांनी कागदी पिशवीतून घडी काढली, झटकून उघडली आणि माईकवर म्हणाले, “आपली नेहमीची शाल द्यायची नाही असं ठरवलं. पाहुण्यांना त्यांची वाटावी म्हणून खास आफ्रिकन डिझाइन शोधून आणलंय!”

काळ्यावर हिरवे-पिवळे ठोकळे. एक लांब, एक आखूड.

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात असा धरला की नखं रुतली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. हलून करणार काय होतो? शाल त्यांच्या खांद्यांवर पडली होती आणि शंभर मोबाईल वर झाले होते.

काका शालीकडे बघत राहिले. नारळ त्यांनी काखेत धरला, शालीचं टोक दोन बोटांत घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि उलटलं. मागची बाजू पांढरट, नुसती. ते छापील होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, अगदी हळू, पण माईक समोरच होता, “हे कुठे मिळतं?”

“इथेच, सिटीत!” अध्यक्ष आनंदाने म्हणाले. “सगळीकडे मिळतं. यंदा फार चालतंय. अर्धं शहर हेच घालून फिरतंय, गेनाऊ!”

काकांनी मान झुकवून आभार मानले. फोटोसाठी उभे राहिले. मग खाली येऊन खुर्चीत बसले आणि मुलांचे नाच, कुणाचं तरी गाणं, सोडतीची बक्षिसं, सगळं संपेपर्यंत त्यांनी ती शाल खांद्यावरून काढली नाही. यजमानांचा मान राखायला हवा ना. पावभाजीही खाल्ली, थोडी. हे आठवलं की आजही मला रडू येतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

राग मी त्याच दिवशी काढला. अध्यक्षांना हॉलमागे गाठून सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

“अहो वहिनी, पण मला कसं कळणार? मी किती विचार करून आणली होती. दोन दुकानं फिरलो.”

“कुणाची आहे, कुठून आली, हा विचार नाही सुचला? चपलांच्या वेळी तर पत्रं लिहीत होतात.”

“ते वेगळं हो,” ते म्हणाले. “त्या आपल्या आहेत.”

माणूस वाईट नाही. घरी आजारपण असलं की डबा घेऊन पहिला हजर होणारा. त्यामुळेच मला पुढे काही बोलता येईना. त्या वाक्यात लबाडी असती तर मी त्यांना सोडलं नसतं. पण ते त्यांना खरंच वाटत होतं, आणि मंडळातल्या कुणालाही विचारलं असतं तर हेच ऐकायला मिळालं असतं.

पुढचं मैत्रिणीने मला नंतर सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी शालीची नीट घडी घातली आणि विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“म्हणून तू मला बाहेर नेत नव्हतीस.”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले. मुलीला आपली लाज वाटत नव्हती, याचंच त्यांना त्या घडीला बरं वाटलं असावं. राहिलेले दिवस ते बाल्कनीत बसून असत. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

थंडीत एकदा दुपारी कॅन्टीनमध्ये मैत्रीण समोर येऊन बसली. ताट घेतलं नव्हतं. गावाहून तिच्या भावाचा फोन आला होता. वडिलांनी पेटीतलं कापड काढून मागाच्या खोलीत टाकलं होतं, माग पुसायचं फडकं म्हणून. आपली वेळ आली की साध्या पांढऱ्यात न्या, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

ती त्यांच्याशी फोनवर भांडली होती. तिने सांगून पाहिलं की ही फॅशन आहे, सीझन संपला, दुकानातून माल गेला, पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही. तुमचं हातचं आहे, ते छापील आहे, त्याला याची सर येते का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग काय म्हणाले?” मी विचारलं.

तिने ते आधी त्यांच्या भाषेत म्हटलं, आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत.

“ते म्हणाले, मी गेलो की तुझी आई मला त्या कापडावरून ओळखणार होती. आता ती कुणाकुणाला हाक मारत बसेल?”