ताईंच्या नावाची कुकी

तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी मी डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिला होता. काम साधं: कंपनीच्या साइटवर आलेले निरोप दर पाच मिनिटांनी आणून पडद्यावर दाखवायचे. साइट फार मंद. उत्तर येईपर्यंत खिडकी गोठून बसायची, म्हणून निरोप मागणारी विनंती मागच्या मागे पाठवायची सोय मी केली. उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर माणसाने आपलं काम करावं. एकदा लॉगिन केलं की साइट ओळखपत्रासारखी एक कुकी द्यायची. प्रोग्रॅम ती फाइलमध्ये जपून ठेवायचा आणि प्रत्येक विनंतीला जोडायचा. कुकी ज्याची, तोच माणूस समोर आहे असं साइट धरून चालायची.

डिस्पॅचच्या टेबलावर एक ताई बसायच्या. त्यांचे यजमान त्याच कंपनीच्या पलीकडच्या गोदामात सुपरवायझर; त्यांना सगळे काका म्हणायचे. मूळचे साताऱ्याकडचे, घर सानपाड्याला. एका सकाळी ऑफिसला निघताना ताईंना अ‍ॅटॅक आला आणि त्या गेल्या.

चार महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले, तेव्हा काका माझ्याजवळ आले. दार लोटलं आणि कंपनीची साइट उघडून मोबाइल पुढे केला.

"मॅडम, येवढं बघा की. मी हिला अजून निरोप टाकतोय. सवय हाय. कुनाला बोलू नका."

ओळी छोट्या होत्या. 'मेथी केली, करपली.' 'तुझा चष्मा सापडला.' प्रत्येकीखाली साइटची खूण: वाचला.

"टाकला की पाच मिन्टांत वाचला जातोय," ते हळूच म्हणाले. "रविवारी बी."

मी मोबाइल हातात घेऊन पुन्हा पाहिलं.

साइटने प्रोग्रॅमला निरोप दिला की तो वाचला गेला असं ती धरते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी ते निरोप मागत होतं. ताईंच्या टेबलावर आता नवी मुलगी बसायची. तिचा कंप्युटर तपासला. त्यात तिचीच कुकी होती. मग सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. ताईंच्या नावाने दर पाच मिनिटांनी एक विनंती. अहोरात्र, चार महिने, एकाही दिवसाचा खाडा नाही. प्रत्येक विनंतीबरोबर कुकीची मुदत वाढत गेलेली. शेवटची नोंद दोन मिनिटांपूर्वीची होती.

"ताईंचा जुना कंप्युटर कुठे गेला?" मी विचारलं.

नवी मुलगी म्हणाली, "गेटच्या केबिनमध्ये दिला ना, कॅमेऱ्यांसाठी."

मी तिकडे गेले. काका मागोमाग आले. केबिनमधला म्हातारा वॉचमन जवळच्याच गावातला. "यो कोनी बंद करीत नाय," तो म्हणाला.

पडद्यावर कॅमेऱ्यांची चित्रं होती आणि खाली कोपऱ्यात माझ्या प्रोग्रॅमचं चिन्ह. मी क्लिक केलं. वर ताईंचं नाव. खाली काकांचे निरोप, एकाखाली एक. सगळ्यात शेवटी आजचा: 'जेवलो.'

मी काकांना सगळं समजावून सांगितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

"म्हंजे ती नाही."

"नाही काका. माझा प्रोग्रॅम आहे. लॉगआउट करायचं राहून गेलं."

मी माउसकडे हात नेला.

"थांबा जरा."

त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. मग पाठवलं, आणि आम्ही दोघं उभे राहिलो. निरोप याच पडद्यावर येणार होता, म्हणून मी पाठ फिरवून गेटकडे बघत राहिले. एक ट्रक रिव्हर्स घेत होता. क्लीनर हात हलवत "आने दो, आने दो" ओरडत होता. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

"वाचला," काका म्हणाले. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "करा आता बंद."

मी पडद्याचा खालचा भाग हाताने झाकून लॉगआउट केलं, कुकीची फाइल पुसली, प्रोग्रॅम काढून टाकला. काका गोदामाकडे चालत गेले.

"कॅमेरे चालू ऱ्हातील ना?" वॉचमनने विचारलं.

राहतील, म्हटलं.