चहातला चमचाभर ज्येष्ठमध

मंडळी, आज सकाळी बीपी तपासायला गेले होते. आकडा लई वर निघाला. डॉक्टर गोळी वाढवून लिहीत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मावशी, आणखी काही घेता का?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

शेजारी सून बसली होती. "आई, चहातली ज्येष्ठमधाची पूड?"

"अगं, ते काय औषध आहे व्हय? चेहऱ्यावर तेज यावं म्हणून टाकते चमचाभर."

डॉक्टर हसले. "तेज नाही मावशी, बीपी आलंय. रोजच्या ज्येष्ठमधानं चढतं ते."

गोळी आहे तेवढीच राहिली, पूड मात्र बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी आहे.

नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि मला पत्ता नव्हता. तुमच्या चहात काय काय पडतं? डॉक्टरांना सांगितलंय का?