मंगळवार दुरुस्त केल्याचा मेल

७ मार्च, मंगळवार. न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलला. भाऊजी साडेअकराला आले. कॅरम मांडला, पण खेळ झाला नाही. त्यांना मेल आला आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, वय सत्तावन्न. चौकातल्या वाचनालयात कारकून, ग्रंथपाल आणि शिपाई असे तिघेही तेच. कोणी पुस्तक घाईने मागितलं की ते ‘सावकाश’ म्हणतात, म्हणून सभासदांनी त्यांचं नावच सावकाश ठेवलं आहे. ते त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही.

नऊ वर्षांपूर्वी वाचनालयात संगणक आला आणि त्याच्याबरोबर पुस्तकांची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम. त्यात एक खोट निघाली. मंगळवारी परत केलेलं पुस्तक त्याला परत आलेलं दिसतच नसे. पुस्तक समोरच्या फळीवर, आणि सभासदाला मात्र ‘पुस्तक त्वरित परत करा’ असा निरोप. भाऊजींनी कंपनीला तक्रार पाठवली आणि उत्तर येईपर्यंत मंगळवारी वाचनालय बंद ठेवलं. उत्तर आलं नाही. रविवारी साऱ्या जगाला सुट्टी असते. मंगळवार मात्र एकट्या भाऊजींचा झाला. त्या दिवशी ते माझ्याकडे जेवायला येतात आणि दिवे लागेपर्यंत आम्ही कॅरम खेळतो. वाचनालयाच्या अध्यक्ष, दातांच्या डॉक्टरीणबाई, दर वर्षी विचारतात, “मंगळवारचं काय झालं?” भाऊजी खरं तेच सांगतात, की कंपनीचं उत्तर नाही.

आता उत्तर आलं होतं. भाऊजींनी छापून आणलेला कागद बोर्डावर ठेवला. कंपनीने लिहिलं होतं की आपण कळवलेली चूक दुरुस्त केली आहे, सोबतची फाइल सवडीने बसवून घ्यावी.

“खोटा आहे,” भाऊजी म्हणाले. “वहिनी, तुम्ही फक्त कुठे खोटा आहे ते शोधा.”

फाइल फसवी निघाली तर सहा हजार पुस्तकांच्या नोंदींवर पाणी, हे खरं होतं. पण मेल खरा निघाला तर मंगळवारवर पाणी, हेही आम्हा दोघांना कळत होतं. त्यामुळे मी चष्मा पुसून मनापासून कामाला लागले. खोटे मेल ओळखण्याच्या खुणा त्यांनी बँकेतल्या भिंतीवरून उतरवून आणल्या होत्या. एकेक ताडून पाहिली. पैसे मागितले होते का? नव्हते. पासवर्ड? तोही नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता मी प्रोग्रॅमच्या जुन्या पावतीवरच्या पत्त्याशी अक्षर अक्षर लावून पाहिला. एका टिंबाचा फरक निघाला नाही. राहिली घाई. खोट्या मेलला फार घाई असते म्हणतात. याला नऊ वर्षं ती नव्हती.

“इतका निर्दोष मेल खरा असूच शकत नाही,” भाऊजी म्हणाले. मी मान डोलावली. डायरीत तसं लिहिलेलं आहे, तेव्हा आता नाकारता येत नाही.

मग कागदाच्या तळाशी त्यांची स्वतःची तक्रार दिसली, जशीच्या तशी: ‘महोदय, मंगळवार हा वारच नव्हे, असे आपल्या प्रोग्रॅमचे मत दिसते.’ असं वाक्य आमच्या घराण्याबाहेर कोणी लिहिणार नाही. भाऊजींचं म्हणणं पडलं की चोरांनी ते कंपनीतून पळवलं असेल. चोर एवढ्या लांब जाऊन तुमची तक्रार कशाला पळवतील, असं मी विचारलं, तेव्हा ते रुसले आणि ताटाच्या कडेला काढलेल्या कढीलिंबासारखे बाजूला बसून राहिले.

शेवटी मीच म्हटलं, फोन करू या. मेलमधल्या नंबरवर नाही, पावतीवरच्या. भाऊजींनी स्पीकर लावून फोन केला; पलीकडे कंपनीतली एक मुलगी होती. तिने शोधून सांगितलं की मेल त्यांचाच; तक्रार रांगेत होती, आता नंबर लागला. उशिराबद्दल माफीही मागितली. मग तिने सहज विचारलं, “पण काका, एवढी वर्षं मंगळवारच्या पुस्तकांवर बुधवारची तारीख का नाही टाकलीत? बाकी सगळे तेच करतात.”

“आम्ही खोट्या तारखा टाकत नाही,” असं बाणेदारपणे सांगून भाऊजींनी फोन ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते स्ट्रायकर पुसत होते.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दुसऱ्या आठवड्यापासून,” भाऊजी म्हणाले.

हसता हसता माझा चष्मा सोंगट्यांत पडला. मग मी त्यांना म्हटलं, मेल खोटा होता असं तुम्ही डॉक्टरीणबाईंना सांगितलंत तर मी तोंड उघडणार नाही. त्यांनी स्ट्रायकर खाली ठेवला. नऊ वर्षं आपण एक शब्द खोटा बोललो नाही, म्हणाले, आता कुठे सुरुवात करू? उठून चपला घालून ते वाचनालयात गेले आणि सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवून फाइल बसवली. दारावर पाटी लावली: ‘मंगळवारी वाचनालय उघडे राहील.’

१४ मार्च, मंगळवार. दुपारी वाचनालयात गेले. मंगळवारी ते बंद असतं हे गावाच्या इतकं हाडीमाशी खिळलं आहे की पाटी कोणी वाचलेलीच नाही. भाऊजी एकटेच टेबलाशी ताठ बसलेले. मी एक पुस्तक परत केलं. प्रोग्रॅमने ते लगेच मान्य केलं. भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी फितूर झाले. मग दोघांनी मिळून टेबल मोकळं करून मी घरून आणलेला कॅरम मांडला. संध्याकाळपर्यंत सात डाव झाले, पाच त्यांनी जिंकले. मध्ये डॉक्टरीणबाई डोकावल्या, वाचनालय उघडं बघून समाधानाने मान हलवली आणि राणी कोणाकडे आहे ते विचारून गेल्या.

दुपारभर घराला कुलूप होतं, म्हणून दुधाची पिशवी शेजारी ठेवली होती. ती आणून तापवली.