धाब्यावरचं मीठ

हगवणीच्या साथीत मी आष्टीच्या, म्हणजे आमच्या गावच्याच, बाजारातून मिठाचं अख्खं पोतं विकत आणलं. माझ्या खोलीत खाणारं तोंड एकच होतं, आणि ते माझं. त्यातही मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगावं.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती. श्रावण सरत आला होता, ओढ्याला पाणी होतं आणि परतूरची गाडी कधी येई, कधी येत नसे. गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली होती. विहिरींत औषध टाकल्याने पाणी गुलाबी झालं होतं आणि पोरांना त्याचाच आनंद झाला होता. एके दिवशी आम्हा शिक्षकांना दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "पोरांना शिकवा, पोरं घरी सांगतील. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, त्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. जुलाब लागले की हे पाजत राहायचं. यानं माणूस वाचतो."

बाकीचे शिक्षक पोरांना शिकवायला निघाले. मी विचार करत निघालो.

माझ्या विचारालाही कारण होतं. डालडा मिळेनासा झाला तेव्हा मी रांगेच्या टोकाला उभा होतो. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा माझा नंबर आला आणि टाकी संपली. आयुष्यात एकदा तरी रांग लागायच्या आधी दुकानात पोचायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मीठ औषध झालं म्हणजे आता मीठ गायब होणार, हे मला चक्क दिसलं. एका पोत्यात किती चिमटी मावतात, हे गणित मी वर्गाला सहज घातलं असतं. स्वतःला मात्र घातलं नाही.

आमच्याकडे मिठाचं पोतं दुकानाच्या आत नसायचंच. ओट्यावर, बाहेर, रात्रंदिवस उघडं. मिठाची चोरी कुणी करत नाही, केली तर ती पचत नाही, असा समज. अख्खा गाव ज्यांना मामा म्हणायचा त्या दुकानदाराच्या ओट्यावर अशीच दोन पोती होती.

"मामा, मीठ द्या."

"घ्या की गुरुजी. किती देऊ?"

"अख्खं पोतं."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "लगीन काढलं का?"

"न्हाई."

"मंग गावाचं लोणचं घालून राह्यले काय?"

भोवती बाजाराची गर्दी. सगळ्यांचे कान माझ्याकडे. खरं सांगावं तर हावरट ठरणार. मी म्हणालो, "धाब्यावर टाकायचंय. गवत लई माजलंय."

हे अगदीच खोटं नव्हतं. आमची घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं छत. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, मुळं खाली शिरतात आणि त्यांच्या वाटेने पाणी घरात येतं. ते गवत जाळायला लोक मीठ टाकायचे, पण मूठ-दोन मूठ, आणि तेही उघडीप बघून.

"भर पावसात?" मामा म्हणाले. "गवत मरायच्या आधी मीठ वाहून जाईल ना!"

"घरमालकीण ऐकून घ्यायला तयार न्हाई," मी दुसरं खोटं बोललो.

पोतं सायकलवर आडवं टाकून मी भर बाजारातून निघालो. धाब्याच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला असेल असं मला वाटलं होतं. कुणीच ठेवला नव्हता. लोकांनी एवढंच पाहिलं की, गुरुजी दवाखान्यातून निघाले ते थेट मिठाच्या पोत्याशी. शिकलेला माणूस. डॉक्टरनं काहीतरी कानात सांगितल्याशिवाय असं करणार न्हाई. मग काय, दुपारनंतर लोक घागरीत, पदरात, पटक्याच्या टोकाला बांधून मीठ नेऊ लागले. संध्याकाळी बघितलं, तर मामांच्या ओट्यावर दुसऱ्या पोत्याच्याही जागी फक्त एक ओलसर पांढरा गोल उरला होता. बाकीच्या दुकानांतही तीच गत.

मला मोठा अभिमान वाटला. टंचाई येणार म्हणालो, आली. अंदाज कसा बराबर निघाला! ती टंचाई माझ्याच सायकलवर बसून आली होती, हे डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला.

आता घरमालकिणीबद्दल. ती पन्नाशीची विधवा बाई, दोन खोल्यांचं घर, एक खोली तिची, एक माझी. मी तिला मावशी म्हणायचो आणि जेवायलाही तिच्याकडेच होतो. अख्ख्या गावाला मी गुरुजी होतो, मावशीला मात्र मास्तर, आणि चिडली की नुसता 'अरे बाबा'. तिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते दिवा मालवेपर्यंत. दारात पाय ठेवला की ठरलेली आरोळी यायची, "चपला भाईर!"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर मावशी अंगणात उभी, चेहरा खुललेला. "मास्तर, आज पहिल्यांदा तू माणसासारखं काम केलं."

"कोणतं?"

"मामा सांगत व्हते विहिरीवर. धाब्यासाठी पोतं आणलं म्हणून. मला बोलला न्हाईस ते! म्या लगेच गडी बोलावला अन् टाकून घेतलं."

मी वर पाहिलं. धाबं पांढरंफेक झालं होतं.

"सगळं टाकलं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"खडा ठेवला न्हाई. एक कोपरा राह्यल्ता, मंग माझ्या डब्यातलंबी झाडून टाकलं. उद्या मामाकडून मूठभर आणू."

मामांकडे मूठभर सोडा, खडाही उरला नव्हता, आणि तो का उरला नव्हता हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. त्याच रात्री पाऊस कोसळला. धाबं नेहमीसारखंच माझ्या अंथरुणावर गळलं, फक्त या वेळी थेंब खारट होते.

पुढची जेवणं अळणी. मावशी वाढता वाढता म्हणायची, "गाव मिठासाठी पागल झालंय रे. कामून असंल?"

"कुणास ठाऊक," असं म्हणून मी ताटात बघायचो.

मग एका संध्याकाळी शाळेतून आलो, चिखलाच्या चपला घालून सरळ आत शिरलो, आणि आरोळी आली नाही. ओसरीवर मावशी गोणपाटावर आडवी पडलेली. बाजूला बादली. डोळे खोल गेलेले. मी मुद्दाम चपलांसकट तिच्यासमोर उभा राहिलो. तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या बाईचं गप्प राहणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

पळत जाऊन दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आलो. त्यांनी मावशीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"अंगातलं पाणी गेलंय," नर्सबाई म्हणाल्या. "सलाईन संपलंय, ओढा उतरल्याशिवाय परतूरच्या मोठ्या दवाखान्यात नेता येणार न्हाई. आता सगळी भिस्त पाजण्यावर. साखर हाये?"

"हाये."

"मीठ?"

मी नुसतं वर, आढ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, मी देवाचं नाव घेतो आहे. "देव नंतर," त्या म्हणाल्या, "आधी मीठ आणा. जल्दी."

दिवेलागणीची वेळ. मी गल्लीतलं पहिलं दार वाजवलं. "चिमूटभर मीठ द्या."

"पोतं तुमच्या घरात गुरुजी, अन् मीठ आमच्या घरात मागता?"

"ते धाब्यावर टाकलं हो."

त्या घरातली सगळी माणसं हसली. दार लागलं.

दुसऱ्या दारात शेजारीण होती, आमच्या भिंतीला लागून राहणारी. ती म्हणाली, "तिन्हीसांजेला मीठ देत न्हाईत गुरुजी. लक्ष्मी जाती घरातून." तिसऱ्या घरात मी येताना दिसताच डब्याचं झाकण खणकन् बसलं. चौथ्या दारात म्हातारबुवा म्हणाले, "आज चिमूट मागाल, उद्या पोतं न्याल. तुमची सवय म्हाईत झाली." गावातलं सगळं मीठ याच दारांच्या आत होतं. पण ज्याने अख्खं पोतं नेलं तो चिमूट मागतोय, यावर कोण विश्वास ठेवणार?

शेवटी शिडी लावली आणि पातेलं घेऊन धाब्यावर चढलो. पावसाने बहुतेक वाहून नेलं होतं. पन्हाळीच्या तोंडाशी चिखलात मिसळून थोडा पांढरा थर उरला होता. तो मी नखांनी खरवडू लागलो. धोतराचा कासोटा सुटला होता, तो एका हाताने धरून.

"गुरुजी, वर काय करून राह्यले?" खालून शेजारणीचा आवाज.

"मीठ गोळा करून राह्यलो."

ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली, धाब्याच्या कडेला बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि गल्लीकडे तोंड करून ओरडली, "अगं बाया, खरंच टाकलंय की गं! खुळं हाये हे, बिलकुल खुळं!"

दारं उघडली. हसू फुटलं. मी पातेलं छातीशी धरून वर बसलेलो. हसता हसता तिने विचारलं, "पण एवढा आटापिटा कशाला? सकाळी मागायचं."

"मावशीला जुलाब लागलेत. नर्सबाई बसल्यात."

हसू जागच्या जागी थांबलं. "आधी कामून न्हाई बोलले?"

खरं तर तेच मी कुठल्याही दारात बोललो नव्हतो. साथीचं घर म्हटलं की लोक गल्ली बदलतात, असं माझ्या डोक्यात होतं. मावशीच्या दाराला कुणी शिवणार नाही, या भीतीने मी नुसतं मीठ मागत फिरलो. माझ्या शहाणपणाचा हा दुसरा हप्ता.

शेजारीण खाली उतरता उतरता म्हणाली, "मीठ देत न्हाई म्या तिन्हीसांजेला. पेज देते." आणि थोड्या वेळात ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज घेऊन आली, मीठ घातलेली. "याला कुणी मीठ म्हणत न्हाई. लक्ष्मीला काय कळतंय?"

नर्सबाईंनी चमचाभर चाखली. "चालती," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता. ज्या गल्लीत कुणाच्याच घरी मीठ नव्हतं, त्या गल्लीतून खारट तांबे यायला लागले. कुणी पेज, कुणी साखरपाणी, पहिल्या दारातल्या बाईनं तर ताक आणलं. चौथ्या दारातले म्हातारबुवा स्वतः तांब्या धरून आले आणि माझ्याकडे न बघता उंबऱ्यात ठेवून गेले. नर्सबाईंनी माझ्यावर चाखायचं काम टाकलं. "आसवांपेक्षा खारट लागलं तर पाजायचं न्हाई. ध्यानात ठेवा."

तुलनेसाठी आसवं कुठून आणायची हा प्रश्न मला पडला नाही. त्या संध्याकाळी तो नमुना माझ्याजवळ आयताच होता. नर्सबाईंना मी तसं सांगितलं नाही. त्या दिव्याची वात सारखी करत बसल्या, त्यांनीही विचारलं नाही.

बायकांचे हात सढळ, निम्मे तांबे भलतेच खारट. टाकून द्यायला मन होईना. ते मीच प्यालो. शेजारीण आणि मी आळीपाळीने मावशीला चमच्याने पाजत बसलो. ती गिळत होती, पण बोलत नव्हती. मी मधेच एकदा मुद्दाम चपला पायात घालून ओसरीवर फिरून आलो. तरी काही नाही.

उजाडलं तेव्हा उलट्या थांबल्या होत्या. तिने हाताने खुणावून पाणी मागितलं. नर्सबाईंनी पुन्हा कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. त्या पहिल्यांदा हसल्या.

मी मीठ आणायला निघालो. आता कुणाच्या दारात उभं राहायचं, हा विचार करत चौकात आलो, तर मामांच्या ओट्यावर पोतं उभं होतं. गल्लीतल्या बायका एकेक येऊन डबा रिता करत होत्या. रात्रभरात गावभर झालं होतं की, गुरुजींनी पोतं खरोखरच धाब्यावर टाकलं, म्हणजे टंचाई-बिंचाई काही नाही, नुसता वेडेपणा. माझ्या खोटेपणाने गाव घाबरलं होतं, माझ्या मूर्खपणाने शांत झालं. परत आलेल्या मिठात प्रत्येक घराचा मसाला मिसळला होता. कुठे हळदीचा पिवळा डाग, कुठे मोहरीचा दाणा, कुठे तिखटाची लाली. पुढे कितीतरी दिवस गावाच्या कालवणांना एकच चव होती.

मामांनी मीठ माझ्या हातात दिलं नाही. हातात मीठ दिलं की भांडण होतं. कागदावर ठेवून पुढे सरकवलं. "गुरुजी, यातलं धाब्यावर टाकायला किती अन् खायाला किती?"

"चिमूटभर," मी म्हणालो. "खायाला."

घरी येऊन उकळून गार केलेलं पाणी घेतलं, साखर घातली, तीन बोटांनी मीठ घातलं. खारट होईल या धास्तीने त्यातलं निम्मं परत काढलं. हात धरून मावशीला बसवलं, तांब्या तोंडाला लावला. तिने घोट घेतला. थांबली. आणखी एक घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. भिंतीपलीकडची शेजारीणही हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

मावशी फाटक्या आवाजात म्हणाली, "पोतंभर मीठ आणलं, अन् पाणी अळणीच केलं? अरे बाबा, तुला पोरं शिकवायला ठेवलं कुणी?"